तिसऱ्या पेटीचा खुराक

पुण्याच्या सेवाकेंद्रात बसून नीलांबिका शेटे राज्यभरातल्या पेशीपेट्यांवर नजर ठेवायची. कुठल्या घरातली पेटी तापली, कुठली दमली, हे तिच्यासमोरच्या पडद्यावर दिसायचं. कामाचे आकडे पाहून झाले की ती रोज इचलकरंजीतलं एक घर उघडून बघे. चार पेट्या, एका ओळीत जोडलेल्या. घर तिच्या आईचं. एका सोमवारी त्यातली तिसरी पेटी लाल झाली. तापमान बेचाळीस अंश. माणसाच्या अंगात एवढा ताप असता तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं असतं.

नीलानं आईला फोन लावला. आईला ती अव्वा म्हणायची. अव्वा म्हणाली, सगळं झकास आहे, तू तुझं काम कर. मागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. उभा जन्म मागाच्या शेडमध्ये कांड्या भरण्यात गेला होता, कापसाचा तूस अव्वाच्या छातीत जाऊन बसला होता, आणि आता ते मशीन दिवसरात्र तिच्या नाकाशी असायचं. वीज गेली की मशीन त्या चार पेट्यांवर चालायचं. पेट्या थांबल्या तर मशीन थांबणार, आणि मशीन थांबलं तर अव्वा. नीलानं रजा टाकली, सेवाकेंद्राची गाडी मागून घेतली आणि निघण्याआधी मागच्या खोलीतल्या फळीवरची एक पेटी उचलून गाडीत ठेवली. ती कुणाला विचारली नाही, कुणाला सांगितलीही नाही.

पेशीपेटीची कल्पना एका माशावरून आलेली. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत ईल नावाचा लांबट मासा असतो. त्याच्या अंगातल्या एकेका पेशीचा जोर व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण अशा हजारो पेशी एकीला एक लागून ओळीत बसलेल्या असतात, प्रत्येकीचा जोर पुढच्या जोरात मिळत जातो, आणि पाण्यात उतरलेला घोडासुद्धा त्या झटक्यानं आडवा होतो. या वीजपेशी मुळात स्नायूंच्याच पेशी. लाखो वर्षांत त्या आकसायचं विसरल्या आणि वीज साठवायला शिकल्या. स्नायूला हा जुना रस्ता प्रयोगशाळेत पुन्हा धरायला लावता येतो, असं कळलं आणि लिथियम महागल्यावर घरोघरी अशा पेट्या आल्या. आत पातळ पडद्यासारखे पेशींचे थर. वीज असताना चार्जर त्यांच्या एका बाजूला क्षार ढकलून ठेवतो, पेशी आपली दारं बंद करून तो भार धरून बसतात, आणि गरज पडली की दारं उघडतात. मोडतोड झाली तर स्वतःच भरून काढतात. त्यासाठी आठवड्याला प्रत्येक पेटीत एक कुपी साखर-मिठाचं, प्रथिनांचं पाणी ओतायचं. त्या पाण्याला लोक खुराक म्हणायचे.

माशाच्या पेशी आपल्याकडच्या उन्हात टिकेनात. गरम रक्ताच्या प्राण्याच्या हव्या होत्या. बकऱ्याच्या पेशींची पहिली पेटी बाजारात आली आणि महिन्याभरात परत गेली. देवघराच्या भिंतीला मटण कोण टांगून घेणार? गाईचं आणि डुकराचं तर नावच काढायला नको. शेवटी तोडगा निघाला तो माणसाचा. माणूस राजीखुशीनं मांडीतला शेंगदाण्याएवढा तुकडा देतो, कुणाचा जीव जात नाही, कुणावर सुरी चालत नाही. मग खोक्यावर हिरवा ठिपका आला, आणि कांदासुद्धा न खाणाऱ्या घरांनी ती पेटी बिनतक्रार भिंतीला लावून घेतली.

सगळ्यांत चांगले स्नायू पैलवानांचे. म्हणून कंपनीची माणसं कोल्हापूर भागातल्या तालमींतून फिरली होती. नीलाचा थोरला भाऊ महांतेश तेव्हा लाल मातीत उतरून अंग कमावत होता. महिनाभराचं दूध आणि बदाम मिळणार म्हटल्यावर त्यानं हसत हसत मांडी पुढे केली. पुढच्या वर्षी हातकणंगल्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली त्याची मोटरसायकल गेली. शेट्यांचं घर लिंगायत. त्याला रीतीप्रमाणे बसवून, कपाळाला विभूती लावून रुद्रभूमीत पुरलं. सगळं संपलं, असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं.

नोकरीला लागल्यावर नीलाला स्वतःच्या मांडीतल्या पेशींपासून सरावाची एक पेटी बनवायची होती. प्रत्येक नव्या माणसाला ती बनवावी लागे. तिच्या पेशींची तपासणी झाली तेव्हा यंत्रानं सूचना दिली, की या पेशी साठ्यातल्या ‘के-सात’ वाणाच्या सख्ख्या भावंडाच्या आहेत. के-सात हा कंपनीचा सर्वांत जुना आणि सर्वांत दणकट वाण. हजारो घरांत तोच होता. इचलकरंजीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरातही.

नीलानं ते अव्वाला सांगितलं. अव्वाला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. अव्वानं घास खाली ठेवला. ताटावरून उठली, हात धुतले, आणि बोळातल्या कपाटाजवळ जाऊन चारी पेट्यांवर एकेक करून तळवा ठेवून आली. पेट्या सदतीस अंशांवर असतात. माणसाच्या अंगाएवढ्याच.

*

नीला पोचली तेव्हा ऊन तापलं होतं आणि पलीकडच्या भागातल्या मागांचा आवाज बंद होता. उष्णतेच्या दिवसांत दुपारी एकेका भागाची वीज आळीपाळीनं बंद ठेवायचा नियम आता अंगवळणी पडला होता. या भागाची पाळी एकची होती. तासभर हातात होता.

अव्वानं दार उघडलं. नाकातली नळी तिच्या मागे लांबवर फरशीवरून आली होती. “कशाला आलीस उन्हाची,” ती म्हणाली आणि आत वळली. खुशीत दिसत होती. गाल वर आले होते.

बोळात पेट्यांच्या कपाटाचं दार उघडंच होतं. वर महांतेशचा तालमीतला फेटा नीट घडी घालून ठेवलेला. खाली तिसऱ्या पेटीपुढे वाटीत बदाम घातलेलं दूध. अव्वानं ते नीलासमोरच उचललं आणि पिऊन टाकलं. त्याच्या पुढ्यात तासभर ठेवायचं आणि मग आपण घ्यायचं, त्यात काय, असं तिचं म्हणणं. त्यावर नीलाचं काही म्हणणं नव्हतं. तिचं लक्ष तिसऱ्या पेटीला लावलेल्या दोन चिमट्यांकडे गेलं होतं. त्यांच्या वायरी खिडकीतल्या एका छोट्या चार्जरला गेल्या होत्या. मोटरसायकलची बॅटरी चार्ज करतात तसला चार्जर.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या दस्तगीरनं तो दिला होता. ‘मावशी, तुमच्या घरात फटफटी कुठंय?’ असं त्यानं विचारलं तेव्हा अव्वानं त्याला सांगितलं, की पोराचं अंग गार लागतंय. बिचारा घाबरून चार्जर हातात देऊन निघून गेला. त्याला तेव्हापासून रोज दुपारचा चहा इथेच असतो, हेही अव्वानं कौतुकानं सांगितलं.

“खुराक किती घालतेस याला?”

“इतरांना एक. याला दोन. कधी तीन.” अव्वानं तिसऱ्या पेटीच्या पाठीवरून हात फिरवला. “हा पहिल्यापासून अशक्त. हात लावला की कळायचं. बाकीचे तिघं गरम आणि हा आपला गार. आता बघ कसा रसरसलाय.”

नीलानं मीटर काढलं. चार्जिंग चालू असताना प्रत्येक पेटी चौदा व्होल्टपर्यंत भरायला हवी. चौदा चोक छप्पन्न. चार्जरला छप्पन्न दिसले, की त्याच्या दृष्टीनं काम झालं. तिनं एकेक पेटी मोजली. पहिली तेरा. दुसरी तेरा. चौथी तेरा. तिसरी सतरा.

बेरीज छप्पन्नच होती. म्हणून पुण्याच्या पडद्यावर इतके दिवस सगळं ठीक दिसत होतं. एका ओळीत जोडलेल्या पेट्यांना वाट एकच. जेवढी वीज पहिलीतून जाते तेवढीच चौथीतून. कोण भरली, कोण उपाशी, हे चार्जरला कळत नाही. त्याला फक्त बेरीज कळते. तिसरी एकटी तट्ट फुगून बेरीज पुरी करत होती, आणि बाकीच्या तिघी रोज अर्ध्यावर ताटावरून उठत होत्या.

हे सगळं नीलानं अव्वाला समजावून सांगितलं. अव्वानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग तो चार्जरच येडा की,” ती म्हणाली. “चार पोरं जेवायला बसली, तर कोण उपाशी उठलं हे भाकऱ्यांची बेरीज करून कळतंय होय?”

“नाही कळत. म्हणूनच चौघांना सारखं द्यायचं.”

“सारखं कुठली आई देते गं? जो बारीक असतो, त्याच्या वाटीत साय जास्त पडते.”

नीलानं मीटर बाजूला ठेवलं. घरात साय कुणाच्या वाटीत पडायची, हे तिला सांगायची गरज नव्हती. आणि तेव्हा महांतेश बारीक नव्हता.

तिनं तापमापक काढला आणि पेटीच्या बाहेरच्या पत्र्यावर टेकवला. मग तिला शंका आली, म्हणून तिनं कपाटासमोरच्या भिंतीतल्या जाळीपाशी हात धरला. जाळीतून बोळात झुळूक येत होती. ती सरळ तिसऱ्या पेटीवर येत होती. फक्त तिसऱ्या. पहिली-दुसरीला दाराचा आडोसा, चौथी कोपऱ्यात. तिनं एका पुठ्ठ्यानं जाळी झाकली, थोडा वेळ थांबली, पुन्हा काढली. जाळी झाकल्यावर पत्र्याचं तापमान जेवढं चढलं होतं, तेवढंच पुन्हा खाली आलं.

हे सांगू नये असं तिला एकदा वाटलं. पण चूक समजली नाही तर अव्वा नव्या पेट्यांनाही हेच करील.

“अव्वा, तो अशक्त नव्हता. बाकीच्यांएवढाच होता. जाळीतून वारा लागायचा त्याला, म्हणून पत्रा गार लागायचा.”

अव्वाचा हात पेटीवर होता. तो तिनं काढून घेतला. पदराला पुसला.

“म्हणजे एवढे दिवस मी...” ती म्हणाली. मशीन घरघरत राहिलं. नीलानं चिमटे सोडवले. पेटीच्या झाकणाखालून उकडलेल्या मिठासारखा वास येत होता. आतल्या थरांची दारं फाटली होती. एवढ्या भारानं पेशी आधी फुगतात, मग फुटतात, आणि फुटलेल्या पेशीला खुराक घालून उपयोग नसतो.

*

के-सात वाणाच्या पेट्या आता बनत नव्हत्या. एखादी मिळाली असती तरी नवी पेटी जुन्या ओळीत घालू नये, हे सेवाकेंद्रातल्या शिपायालाही पाठ होतं. नव्या वाणाच्या चार पेट्या नीलानं मागवल्या होत्या. त्या आठवड्यानं येणार होत्या. जुन्या चारी कंपनीला परत द्यायच्या, आणि कंपनी त्या भट्टीत घालणार.

भट्टीचं नाव निघताच अव्वा कपाटापुढे जाऊन उभी राहिली. आपल्यात जाळत नाहीत, असं ती म्हणाली. तुला ठाऊक नाही का, असंही म्हणाली. नीलानं सांगून पाहिलं की आज फक्त तिसरी काढते, ती तर गेलेलीच आहे. बाकीच्यांचं नंतर बघू. अव्वा हलेना. तिची नळी तिच्या पायाशी गुंडाळून पडली होती आणि ती एका हातानं कपाटाची चौकट धरून उभी होती. या हुज्जतीत तो तास गेला.

नीलानं गाडीतली पेटी आणून बोळात ठेवली तेव्हा अव्वाचं लक्ष तिकडे गेलं.

“ही कुणाची?”

“माझी.” आणि अव्वाला कळलं नाही असं वाटून नीलानं आपल्या मांडीला हात लावून दाखवला. “सरावाला बनवलेली. आठवडाभर चालेल.”

अव्वा खाली वाकली. पेटीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“तुझीबी गरम आहे की,” ती म्हणाली. जणू तिला तसं वाटलं नव्हतं.

तेव्हाच वीज गेली.

चौकट धरलेला अव्वाचा हात आता नीलाला बाजूला करावा लागला नाही. छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात होता, तो तिनं अव्वाच्या नळीला जोडला आणि तिला खाटेवर बसवलं. मग मुख्य खटका पाडला, तिसरी पेटी काढली, तिच्या जागी स्वतःची बसवली. तारांची टोकं आवळली. सिलिंडर संपायला आणि मशीन पुन्हा चालू व्हायला गाठ पडली. चारी आकडे छोट्या पडद्यावर आले. नीलाची पेटी काठोकाठ भरलेली. महांतेशच्या तिन्ही पेट्या अर्ध्याहून खाली. आणि त्यांना भरायला आता वीज नव्हती.

तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. असल्या दुपारी सगळ्या शहरातून तेच फोन चाललेले, गाडी कधी येईल सांगता येत नाही, असं उत्तर आलं. शेजारचे मगदूम लग्नासाठी सहकुटुंब सांगलीला गेलेले, घराला कुलूप. पलीकडे मागाच्या शेडची लांबलचक भिंत. मग तिनं दस्तगीरला फोन लावला. त्याचं बोलणं ऐकण्याआधीच त्याच्या मागे दुकानाचं शटर पडल्याचा आवाज आला. ट्रकांच्या बॅटऱ्या काढून आणतो म्हणाला. “ताई, तोवर मावशींना बोलतं ठेवा. त्या गप्प बसल्या की मला भ्या वाटतं.”

पण अव्वाच बोलत नव्हती. ती खाट सोडून बोळात आली होती आणि पेट्यांसमोर फरशीवर बसली होती. दुसऱ्या पेटीवर तिचा एक हात होता. नीला तिच्या शेजारी बसली. दोघी आकडे पाहत राहिल्या.

दुसरी पेटी सगळ्यांत आधी उतरली. दहा. नऊ. मग एकदम सात. मशीनची घरघर थांबली. पडद्यावर वाक्य आलं: पेशींच्या रक्षणासाठी जोडणी बंद केली आहे.

घर एकदम शांत झालं. इतकं शांत, की अव्वाच्या छातीतली शीळ ऐकू आली.

पेट्या बनवणाऱ्यांनी ही सोय विचार करून ठेवली होती. ओळीतली एक पेटी रिकामी झाली तरी बाकीच्या थांबत नाहीत. त्या आपली वीज तिच्यातूनच पुढे ढकलतात, आणि रिकाम्या पेटीतून ती उलटी वाहते. साध्या बॅटरीची त्यानं खराबी होते. पेशीचा मात्र जीवच जातो. तिची दारं उलट्या दिशेनं उचकटली जातात. म्हणून वेळेत सगळंच बंद करायचं. ही बंदी उठवायचा अंक फक्त सेवाकेंद्राच्या माणसांना ठाऊक असतो.

नीलानं पडद्याकडे हात नेला. अव्वानं तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“नको.”

“अव्वा, तुझी नखं निळी पडलीत.”

“पडू देत. तोंडानं घेते मी श्वास. दस्तगीर येईल.”

“तो येईपर्यंत तू राहणार नाहीस.”

“मग नाही राहत.” तिला एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. “त्याला उलटं चालवू नको. तू त्याची बहीण नव्हं?”

नीलानं दुसऱ्या हातानं अंक दाबले.

मशीन घरघरू लागलं. दुसऱ्या पेटीचा आकडा खाली उतरत गेला. शून्यावर आला, तिथे जरासा थांबल्यासारखा झाला, आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह उमटलं. नीलाला त्यातलं गणित नीट कळत होतं, आणि तेच वाईट होतं. एकच वाट, एकच वीज. ढकलणाऱ्या तिघांत काठोकाठ भरलेली पेटी एकच होती, आणि ती तिची स्वतःची होती. भावाच्या अंगातून ती आरपार चालली होती.

अव्वाचा हात दुसऱ्या पेटीवरच होता. पेटी आधी तापली असावी, कारण अव्वानं एकदा बोटं उचलली आणि पुन्हा टेकवली. मग बराच वेळ तिनं ती हलवली नाहीत. तिच्या ओठांवर रंग परत येत होता. श्वास लागत होता. आणि त्या श्वासात ती म्हणाली, “गेला.”

तिनं हात पहिल्या पेटीवर नेला.

दस्तगीर आला तेव्हा पहिलीही गेली होती. त्याचा शर्ट घामानं आणि ग्रीसनं चिकटला होता. चार काळ्या बॅटऱ्या त्यानं बोळात ओळीनं मांडल्या, एकीचं टोक दुसरीला जोडलं, आणि नीलानं पेट्या सोडवून तारा त्यावर घेतल्या. दोन बायका फरशीवर बसलेल्या, दोघी जिवंत, आणि तरी कुणी काही बोलेना. त्यानं विचारलं, चहा ठेवू का. मग स्वतःच जाऊन ठेवला.

*

चौथी पेटी तेवढी उरली होती. इतके दिवस अर्धपोटी राहिलेली. ती चार दिवसांनी थंड पडली.

भट्टीचं नाव नीलानं पुन्हा काढलं नाही. चार पेट्या खराब होऊन फुटल्या, असं तिनं सेवाकेंद्राला कळवलं आणि दंड पगारातून कापून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या दोघी आणि दस्तगीर रुद्रभूमीत गेले. महांतेशच्या जागेशेजारी दस्तगीरनं खड्डा खणला. राखणदारानं येऊन विचारलं, काय पुरताय. नीला कंपनीचं काहीतरी सांगणार होती. अव्वा म्हणाली, “माझं लेकरू.” राखणदारानं पेट्यांकडे पाहिलं, अव्वाच्या नाकातल्या नळीकडे आणि पाठीवरच्या सिलिंडरकडे पाहिलं, आणि खुरपं आणून कडेचं तण काढून दिलं.

परतताना अव्वा गाडीत बाहेर बघत बसली. त्या दुपारबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. नीलाला रागावलेली अव्वा चालली असती. हातचं काही फेकून मारलं असतं तरी चाललं असतं. ती दोन वेळा जेवण वाढायची, पाणी द्यायची, आणि नीलाच्या खांद्यावरून पलीकडे बघायची.

नव्या पेट्या आल्या. कुणा अनोळखी माणसाच्या पेशी, चारी सारख्या, चारींचे आकडे सारखे. नीलानं जाळीवर पत्रा ठोकून घेतला. आपली सरावाची पेटी ती गाडीत ठेवायला निघाली, तेव्हा अव्वा पहिल्यांदा समोर येऊन तिच्याशी बोलली.

“ती राहू दे.”

“तिचं काम नाही अव्वा आता. कशाला जोडलेली पण नाही.”

“राहू दे म्हटलं ना. जागा काय खाते?”

नीलानं ती परत न्यायला हवी होती. पण इतक्या दिवसांनी अव्वानं काहीतरी मागितलं होतं, आणि ते नीलाचं होतं. तिनं पेटी खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि ती पुण्याला आली.

पहिले काही आठवडे फोनवर अव्वा हो-नाही एवढंच बोले. मग हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. खुराकाच्या जास्तीच्या कुपी कुठे मिळतात, असं तिनं एकदा विचारलं. नीलानं सांगितलं. एकदा म्हणाली, तुला लहानपणी खोकला व्हायचा, तेव्हा मी शेडमधून लवकर यायचे, आठवतं का. नीलाला आठवत नव्हतं, पण ती हो म्हणाली. तिला वाटलं, आपल्याला माफ केलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. रात्री तिला गाढ झोप लागू लागली, दुपारीसुद्धा कामावर पापण्या जड व्हायच्या, आणि का कोण जाणे, पोट भरल्यासारखं वाटून डबा तसाच परत जायचा.

फोन मात्र आता तिलाच करावा लागे. अव्वाकडून येईनासे झाले. नीलानं दस्तगीरला विचारलं. तो म्हणाला, मावशी ठणठणीत आहेत ताई, दिवसभर स्टुलापाशी बसून तुमच्याशीच तर बोलत असतात. नीला हसली. फोन ठेवल्यावर तिचं हसू हळूहळू मावळलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर अव्वानं उचलला.

“कोण?”

“मी, अव्वा. नीला.”

पलीकडे मशीन घरघरत होतं. अव्वा पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आलेला होता, आणि इतका प्रेमळ, की तसा आवाज नीलानं जन्मात ऐकला नव्हता.

“हळू बोल गं,” अव्वा म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय तुझा.”